घरचें टपाल कोणाच्या हातीं ?

नागोठणें हें आंबा नदीच्या कांठचें जुनें गांव. एके काळीं खाडीच्या वाटेनें येथें गलबतांतून माल येई. हल्लीं मुंबई-गोवा महामार्ग व पनवेल-रोहा लोहमार्ग हे दोन्ही येथून जातात, आणि पेट्रोरसायनांच्या कारखान्यामुळें देशाच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबें या परिसरांत येऊन राहिलीं आहेत. अशा गांवांतील एखादें सुशिक्षित घर श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. वडील नोकरींतून निवृत्त झालेले, मुलगा आखाती देशांत, कन्या पुण्यास. निवृत्तिवेतनाचीं कागदपत्रें, विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या, बँकेचीं पत्रकें, नातवंडांचीं छायाचित्रें, आणि मुलानें प्रथम परदेशीं गेल्यावर आईस लिहिलेलीं लांबलचक पत्रें हें सारें पोस्टमनच्या पिशवींतून नव्हे, तर ई-मेलनें आलेलें. आणि तें सारें घरच्या संगणकांत एका लहानशा प्रोग्रामच्या पोटांत सांठविलेलें.

अशा घरांपुढें अलीकडे एक अडचण येऊन ठेपली. विंडोजबरोबर विनामूल्य मिळणारा ‘मेल’ नांवाचा प्रोग्राम मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ३१ डिसेंबर २०२४ रोजीं बंद केला. त्या दिवसानंतर त्यांतून नवें पत्र येईना व लिहिलेलें पत्र जाईना. आधीं उतरवून घेतलेलीं पत्रें मात्र बाहेर काढून घेण्याची सोय ठेवण्यांत आली. त्याच्या जागीं कंपनीनें ‘नवें आउटलुक’ पुढें केलें. तेंही विनामूल्यच आहे. परंतु पैसे न भरणाऱ्यास त्यांत पत्रांच्या यादींतच जाहिराती दिसतात, आणि दुसऱ्या एखाद्या कंपनीचें खातें त्यास जोडलें, तर त्या खात्यांतील पत्रांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या यंत्रांवरही ठेविली जाते. कंपनी ही गोष्ट लपवीत नाहीं; जोडतेवेळीं तशी संमति मागते. पण घाईघाईनें ‘होय’ म्हणणाऱ्याचें तिकडे लक्ष जात नाहीं.

मग दुसरा कोणता प्रोग्राम घ्यावा, असा प्रश्न सहजच उत्पन्न होतो. परंतु त्याच्याही आधीं एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि तोच या विषयाचा गाभा होय. जो प्रोग्राम आज घरांत घ्यावयाचा, तो उद्यां बंद पडला, तर आपलीं पत्रें घेऊन त्याच्यांतून बाहेर कसें पडावयाचें? घरांत शिरतांना दाराची उंची सर्वच पाहतात. बाहेर पडण्याचें दार आहे कीं नाहीं, हें पाहणारे थोडे.

हें समजण्यासाठीं तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली गोष्ट खातें, म्हणजे आपला ई-मेलचा पत्ता. दुसरी गोष्ट सर्व्हर, म्हणजे खातें देणाऱ्या संस्थेचें तें यंत्र, ज्यावर आपल्या नांवें आलेलीं पत्रें येऊन पडतात. तिसरी गोष्ट आपल्या संगणकावरील प्रोग्राम. हा सर्व्हरवरून पत्रें आणतो, तीं लावून ठेवतो आणि आपण लिहिलेलीं पत्रें पोंचवितो. टपालाची उपमा द्यावयाची, तर पत्ता हें घराचें ठिकाण, सर्व्हर ही टपाल कचेरी आणि प्रोग्राम म्हणजे टपाल आणून देणारा गडी व घरांतील कागदपत्रांचें कपाट हीं दोन्ही एकत्र. कपाट बदललें म्हणून घराचा पत्ता बदलत नाहीं. प्रोग्राम बदलला तर पत्ता जाईल, या भीतीनें पुष्कळ मंडळी गैरसोयीच्या प्रोग्रामलाच चिकटून राहतात. ती भीती निराधार आहे.

कोणताही प्रोग्राम कोणत्याही खात्याशीं बोलूं शकतो, याचें कारण पत्रांच्या ने-आणीचे नियम सर्वांस खुले आहेत. पत्र पाठविण्याचे नियम एस. एम. टी. पी. या नांवानें १९८२ सालीं प्रसिद्ध झाले. पत्रें उतरवून घेण्याच्या रीति दोन. पॉप नांवाची रीत पत्रें सर्व्हरवरून उचलून घरीं आणते. तिची आज रूढ असलेली तिसरी आवृत्ति १९८८ ची. आयमॅप नांवाची रीत स्टॅनफर्ड विद्यापीठांत मार्क क्रिस्पिन यांनीं १९८६ सालीं तयार केली; तिच्यांत मूळ पत्रें सर्व्हरवरच राहतात आणि घरचा संगणक, कन्येचा लॅपटॉप व खिशांतील फोन या सर्वांना तींच दिसतात.

जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरांत नागोठण्याच्या दगडी पुलाची नोंद आहे. चौलच्या काजी अल्लाउद्दिनानें तो १५८० च्या सुमारास बांधला, असें तेथें म्हटलें आहे. पुलावरून जाणारी गाडी कोणत्या सुतारानें घडविली, हें पूल विचारीत नाहीं. ई-मेलच्या या नियमांचेंही तसेंच आहे. मुंबईंत जुहूची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी व पवईची आय. आय. टी. या दोन संस्थांमध्यें १९८६-८७ च्या सुमारास टेलिफोनच्या तारेवरून पत्रें जाऊं येऊं लागलीं. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सामान्य नागरिकांस इंटरनेट खुलें केलें, तेव्हां स्वस्तांतलें खातें घेणारे लोक काळ्या पडद्यावर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘पाइन’ या प्रोग्रामनें पत्रें वाचीत. पाइन गेला, तो काळा पडदा गेला. पूल मात्र तोच आहे.

नियम खुले असले, तरी घरांतील कपाटाची गोष्ट निराळी. प्रत्येक प्रोग्राम पत्रें आपल्या पद्धतीनें लावून ठेवतो, आणि अडचण येते ती येथें. याचीं दोन उदाहरणें बोधप्रद आहेत.

युडोरा हा प्रोग्राम स्टीव्ह डॉर्नर यांनीं १९८८ सालीं इलिनॉय विद्यापीठांत लिहिला. पुढें तो क्वालकॉम कंपनीकडे गेला आणि अनेक वर्षें जगभर लोकप्रिय होता. २००६ सालीं कंपनीनें त्याचें काम थांबविलें. परंतु युडोरा पत्रें साध्या मजकुराच्या फायलींत ठेवीत असे. एका पाठोपाठ एक पत्रें लिहिलेली ही फाइल ‘एम-बॉक्स’ या जुन्या व सर्वपरिचित पद्धतीच्या जवळची होती. त्यामुळें प्रोग्राम बंद पडला, तरी पत्रें दुसरीकडे नेतां आलीं.

याच्या उलट उदाहरण आउटलुक एक्सप्रेसचें. १९९७ पासून विंडोज एक्सपीच्या काळापर्यंत घरोघरच्या संगणकांवर तो आयताच येत असे. तो पत्रें ‘डी-बी-एक्स’ नांवाच्या स्वतःच्या निराळ्या फायलींत ठेवी. एका फायलीनें दोन गिगाबाइटांची मर्यादा गांठली, कीं ती बिघडण्याचा संभव असे, आणि ती उघडून वाचणें इतर प्रोग्रामांना सोपें नव्हतें. एक्सपीला मिळणारा कंपनीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीं संपला. ज्यांनीं आधींच पत्रें बाहेर काढलीं, तीं वांचलीं. ज्यांनीं संगणकच भंगारांत दिला, त्यांच्या पत्रांचा मागमूस राहिला नाहीं. दोन्ही प्रोग्राम दाम न देतां मिळत होते. फरक होता तो पत्रें कशांत ठेवलीं, याचा.

येथें ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ या दोन शब्दांतला भेद ध्यानांत घेतला पाहिजे. फुकट म्हणजे ज्यास दाम पडत नाहीं तें. मुक्त म्हणजे ज्याची घडण कोणासही पाहतां येते, सुधारतां येते व दुसऱ्यास देतां येते तें. फुकट प्रोग्राम देणाऱ्याचा खर्च कोठून तरी निघालाच पाहिजे. कोठें तो जाहिरातींतून निघतो, कोठें विकत घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकांकडून, तर कोठें वापरणाऱ्यांच्या ऐच्छिक देणगींतून. यांपैकीं कोणताच मार्ग स्वभावतः वाईट नाहीं. परंतु तो कोणता आहे, हें घेणाऱ्यास ठाऊक असावें. मुक्त प्रोग्रामचा विशेष हा, कीं करणारानें हात आंखडला तरी दुसरा कोणी तें काम पुढें नेऊं शकतो.

याचा दाखला थंडरबर्ड या प्रोग्रामच्या इतिहासांत मिळतो. मोझिला संस्थेनें त्याची पहिली पूर्ण आवृत्ति ७ डिसेंबर २००४ रोजीं प्रसिद्ध केली. २०१२ सालीं संस्थेनें त्यावरील आपलें काम बरेंच कमी केलें, तेव्हां हा प्रोग्राम आतां युडोराच्या मार्गानें जाणार, असें अनेकांस वाटलें. पण त्याची घडण खुली असल्यामुळें स्वयंसेवकांनीं तो जगविला. जानेवारी २०२० मध्यें त्याचा कारभार पाहण्यासाठीं मोझिला प्रतिष्ठानाच्या छत्राखालीं एक निराळी कंपनी स्थापन झाली, आणि वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर त्याचें काम पुन्हां वाढीस लागलें. जुलै २०२३ मध्यें त्याचें रूप पालटलें, आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें अँड्रॉइड फोनसाठींही तो मिळूं लागला. विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हीवर तो चालतो. पत्त्यांची वही व दिनदर्शिका त्यांतच आहेत. एकाच वेळीं अनेक खातीं त्यास जोडतां येतात. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे तो पत्रें एम-बॉक्स पद्धतीच्या फायलींत ठेवतो. सर्वसाधारण घरास प्रथम हाच पाहण्याजोगा आहे.

तथापि सर्वांची गरज एकसारखी नसते. ज्या घरीं विंडोज सोडून लिनक्स घेतलें असेल, त्यांस इव्होल्यूशन किंवा के-मेल हे दोन मुक्त प्रोग्राम उपलब्ध आहेत. विंडोज १० ला मिळणारा कंपनीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्यापासून जुना संगणक लिनक्सवर चालविणारांना ते विशेष उपयोगी आहेत. इव्होल्यूशनमध्यें दिनदर्शिका व पत्रें यांची सांगड चांगली आहे. फारच जुना, कमी स्मृतीचा संगणक असेल, तर क्लॉज मेल पाहावा. जपानमध्यें निर्माण झालेल्या सिल्फीड या प्रोग्रामपासून तो २००१ सालीं निघाला. तो हलका व चपळ आहे. मात्र रंगीबेरंगी व निरनिराळ्या आकारांच्या अक्षरांत पत्र लिहिण्याची सोय त्यांत नाहीं, साध्या मजकुरावर समाधान मानावें लागतें.

पेगासस मेल हा केवळ विंडोजसाठीं असलेला प्रोग्राम न्यूझीलंडमधील डुनेडिनचे डेव्हिड हॅरिस यांनीं १९९० पासून लोकांस विनामूल्य दिला. त्यांची चिकाटी नमस्कार करण्याजोगी आहे. परंतु २००७ च्या आरंभीं त्यांनीं खर्चाअभावीं काम थांबविण्याचें जाहीर केलें होतें, व पुढें देणग्यांच्या आधारावर तें पुन्हां चालूं झालें. एका माणसावर अवलंबून असलेल्या वस्तूचा हा धोका विसरूं नये. ईएम क्लायंट हा आणखी एक देखणा प्रोग्राम आहे. तो मुक्त नाहीं, पण घरगुती वापरासाठीं मर्यादित खात्यांपुरता विनामूल्य मिळतो. मर्यादेपलीकडे दाम द्यावे लागतात. ज्यांस मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकचीच मांडणी अंगवळणी पडली आहे, त्यांस तो सोयीचा वाटतो. म्हणजे निवड करतांना संगणक कोणता, खातीं किती, आणि बाहेर पडण्याचें दार कसें, या तीन गोष्टी पाहिल्या कीं यादी आपोआप आंखूड होते.

मराठी घरानें आणखी एक परीक्षा अवश्य घ्यावी. पंधरा-वीस वर्षांपूर्वीं अनेकांनीं श्री-लिपीसारख्या टंकांत मराठी पत्रें लिहिलीं. त्यांतील बहुतेक टंकांत मराठी अक्षरें इंग्रजी चिन्हांच्या जागीं बसविलेलीं असत. तो टंक ज्या संगणकावर नाहीं, तेथें पत्र उघडलें कीं अर्थहीन चिन्हांच्या ओळी दिसत. आईच्या हातीं मुलाचें पत्र येई, पण वाचतां येत नसे. युनिकोडनें देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक दिला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यांत आहे. ‘यू-टी-एफ ८’ या रीतीनें तीं अक्षरें पत्रांत घातलीं, तर तीं जगांत कोठेंही वाचतां येतात. वर नांवें घेतलेल्यांपैकीं कोणताही प्रोग्राम घेतला, तरी प्रथम स्वतःलाच एक पत्र धाडावें. त्यांत ‘ज्ञान’, ‘सुऱ्या’, ‘शृंगार’, ‘कृष्ण’ असे जोडाक्षरांचे शब्द असावेत, सोबत मराठी नांवाची एखादी फाइल जोडावी, आणि पत्र परत आल्यावर त्यांतील एखादा मराठी शब्द घालून शोध करून पाहावा. अक्षरें नीट दिसलीं, फायलीचें नांव शाबूत राहिलें व शोध लागला, म्हणजे तो प्रोग्राम मराठी घराच्या उपयोगाचा.

आतां प्रत्यक्ष स्थलांतर कसें करावें तें पाहूं. पहिला नियम असा, कीं नवें कपाट भरून तपासून होईपर्यंत जुनें मोडूं नये. नवा प्रोग्राम त्याच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच उतरवून घ्यावा. थंडरबर्डचें ठिकाण ‘थंडरबर्ड डॉट नेट’ हें आहे. शोध घेतांना वरच्या बाजूस जाहिरातींतून येणाऱ्या भलत्याच ठिकाणांहून घेतल्यास प्रोग्रामबरोबर नको तो पाहुणाही घरांत शिरतो.

प्रोग्राम उघडला, कीं तो नांव व पत्ता विचारतो आणि बहुतेक मोठ्या खात्यांच्या बाबतींत सर्व्हरांचीं नांवें स्वतःच शोधून काढतो. न सांपडल्यास खातें देणाऱ्याच्या मदतीच्या पानावर तीं मिळतात. आयमॅपसाठीं ९९३, पॉपसाठीं ९९५ आणि पाठविण्यासाठीं ४६५ किंवा ५८७ हे द्वारक्रमांक सामान्यतः लागतात. पूर्वीं पासवर्ड लिहिला कीं काम होई. परंतु गूगलनें ३० मे २०२२ पासून खासगी खात्यांच्या बाबतींत केवळ नांव व पासवर्ड यांवर बाहेरच्या प्रोग्रामांस प्रवेश देणें थांबविलें, आणि मायक्रोसॉफ्टनेंही आपल्या घरगुती खात्यांसाठीं १६ सप्टेंबर २०२४ पासून तसेंच केलें. आतां खातें देणाऱ्या कंपनीची खिडकी उघडते, तेथें ओळख पटवावी लागते, आणि कंपनी प्रोग्रामला परवानगीची चिठ्ठी देते. याचा लाभ असा, कीं मूळ पासवर्ड प्रोग्रामजवळ राहत नाहीं. ज्याच्या जुन्या प्रोग्रामनें एकाएकीं ‘पासवर्ड चुकला’ अशी तक्रार सुरू केली, त्याचा पासवर्ड बहुधा चुकलेला नसतो. त्या प्रोग्रामला ही नवी चिठ्ठी मागतां येत नसते.

आरंभीं आयमॅप रीतच घ्यावी. सर्व्हरवरील पत्रें आपोआप नव्या प्रोग्रामांत दिसूं लागतील; तीं निराळीं नेण्याची गरज नाहीं. जीं पत्रें केवळ जुन्या प्रोग्रामच्या पोटांत आहेत, तेवढींच काढून आणावयाचीं असतात. बहुतेक प्रोग्रामांतून पत्र ‘ई-एम-एल’ या सर्वमान्य पद्धतीच्या फायलींत काढतां येतें, आणि त्या फायली नव्या प्रोग्रामच्या कप्प्यांत ओढून टाकतां येतात. पॉप घेतल्यास ‘सर्व्हरवर प्रत ठेवावी’ हें कलम व त्यापुढील दिवसांचा आंकडा नीट वाचावा. एरव्हीं ठराविक दिवसांनीं सर्व्हरवरील पत्र पुसलें जाऊन फोनवर तें दिसेनासें होतें.

महिनाभर दोन्ही प्रोग्राम शेजारीं शेजारीं चालवावे. मग बाहेर पडण्याच्या दाराची परीक्षा घ्यावी. नव्या प्रोग्राममधून जोडपत्रांसह दहा पत्रें ई-एम-एल फायलींत काढावीं आणि तीं तिसऱ्याच एखाद्या प्रोग्रामांत उघडून पाहावीं. मजकूर, तारीख, मराठी अक्षरें व जोडपत्रें हीं सर्व जशींच्या तशीं निघालीं, तर निवड योग्य ठरली. न निघालीं, तर तो प्रोग्राम कितीही देखणा असला तरी घरांत ठेवूं नये.

यापुढची गोष्ट रक्षणाची, आणि आंबाकांठच्या लोकांस ती फार समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. १९८९ च्या जुलै महिन्यांत याच नदीच्या पुरानें वरच्या अंगास जांभूळपाड्यांत हाहाकार उडविला व अनेकांचे प्राण घेतले. मोठ्या पावसांत नागोठण्याच्या सखल भागांत पाणी शिरतें, हा अनुभव गांवास नवा नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां जिल्ह्याच्या मोठ्या भागांत विजेचे खांब कोसळले, फोन मुके झाले आणि कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत राहिलीं. या दोन संकटांचे धडे परस्परविरुद्ध दिसतात. वादळ सांगतें, कीं पत्रें केवळ दूरच्या सर्व्हरवर असूं नयेत. तार तुटली तर विम्याचा कागद ऐन गरजेच्या वेळीं हातीं येणार नाहीं, आणि घरच्या लॅपटॉपवर प्रत असली तर जनित्रावर घटकाभर चालवूनही ती पाहतां येईल. पूर सांगतो, कीं पत्रें केवळ घरांतही असूं नयेत. तळमजल्यावरील संगणक पाण्याखालीं गेला तर सारें संपलें. अर्थात् दोन्ही धडे मिळून एकच होतात : प्रत दोन ठिकाणीं हवी, आणि तीं दोन ठिकाणें एकाच संकटाच्या टप्प्यांत नकोत.

आयमॅप असलें म्हणजे दुसरी प्रत झाली, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाहीं. आयमॅपमध्यें घरचें कपाट हा सर्व्हरचा आरसा आहे. फोनवर चुकून पुसलेलें पत्र आरशांतूनही जातें. म्हणून महत्त्वाचीं पत्रें थंडरबर्डमधील ‘लोकल फोल्डर्स’ या घरच्या कप्प्यांत उतरवून घ्यावीं, आणि प्रोग्रामचा सबंध फोल्डर तीन-चार महिन्यांनीं एकदां बाहेरच्या डिस्कवर उतरवावा. ही डिस्क पुण्यास कन्येच्या घरीं राहील तर अधिक उत्तम. पत्रें दोन गिगाबाइटांहून कमी असतील, तर प्रोग्रामच्या ‘एक्सपोर्ट’ या सोयीनेंच एक गठ्ठा तयार होतो. अधिक असतील तर प्रोग्राम बंद करून फोल्डरच उचलावा. उतरविलेली प्रत वर्षांतून एकदां उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीचा भरंवसा धरूं नये.

कित्येक घरें गूगलच्या विनामूल्य १५ गिगाबाइटांच्या जागेंत राहतात. ही जागा पत्रें, छायाचित्रें व इतर फायली या सर्वांत मिळून वांटलेली असते. लग्नसमारंभाच्या चित्रांनीं ती भरली, कीं नवीं पत्रें येणें थांबतें. जुनीं पत्रें घरच्या कप्प्यांत हलविलीं तर जागा मोकळी होते. मात्र हलविण्यापूर्वीं दुसरी प्रत झालेली असली पाहिजे, हें वर सांगितलेंच आहे. आणखी एक नियम थोड्यांस ठाऊक असतो. दोन वर्षें ज्या खासगी खात्याकडे कोणी फिरकलें नाहीं, तें खातें त्यांतील पत्रांसह काढून टाकण्याचा नियम गूगलनें डिसेंबर २०२३ पासून अंमलांत आणला आहे. घरांतील वडील माणूस निवर्तलें, त्याचा फोन कपाटांत पडून राहिला, तर त्याचीं वीस वर्षांचीं पत्रें अशीं नकळत नाहींशीं होण्याचा संभव आहे. घरच्या संगणकावर प्रत असेल, तर तीं नातवंडांच्या हातीं राहतील.

मात्र घरीं आणलेलें टपाल घरांत उघडेंही पडतें, हें विसरूं नये. थंडरबर्डमध्यें मुख्य पासवर्ड ठेवतां येतो. पण तो सांठविलेल्या पासवर्डांचें रक्षण करतो, उतरवून घेतलेल्या पत्रांचें नव्हे. संगणक अनेक जण वापरीत असतील, तर प्रत्येकाचें निराळें विंडोज खातें असावें. तसेंच अनोळखी पत्रांतील दूरचीं चित्रें प्रोग्राम आपण होऊन दाखवीत नाहीं, त्याबद्दल त्रासूं नये. तीं चित्रें उघडलीं, कीं पत्र वाचलें गेल्याची वर्दी पाठविणाऱ्यास पोंचते.

ज्या घरीं महिन्यास चार पत्रें येतात आणि तींही बँकेचीं, त्या घरास या उपद्व्यापाची गरज नाहीं. ब्राउझरमधून खातें पाहणें त्यांस पुरेसें आहे. ज्यांचें टपाल कचेरीच्या पत्त्यावर येतें, त्यांनीं मात्र निवृत्तीची वाट न पाहतां घरचा पत्ता आधीं घ्यावा. नोकरी संपली, कीं तो पत्ता परत मागतां येत नाहीं. परंतु ज्या घरांत पत्रांतून एखाद्या कुटुंबाचा इतिहास सांठला आहे, त्या घरानें एक रविवार या कामीं अवश्य खर्च करावा.

प्रोग्राम येतील आणि जातील. ज्यांनीं पाइनमध्यें पत्रें वाचलीं, त्यांनींच पुढें युडोरा, आउटलुक एक्सप्रेस व ‘मेल’ हे आलेले आणि गेलेले पाहिले. आज चांगला वाटणारा प्रोग्रामही कायमचा नाहीं. निवड कोणतीही केली, तरी ती उद्यां बदलतां आली पाहिजे, आणि बदलतांना एकही पत्र मागें राहतां कामा नये. तेवढें साधलें, म्हणजे मुलानें आखातांतून आईस लिहिलेलें पहिलें पत्र तिच्या नातवंडांसही वाचावयास मिळेल.